माझी एकुलती एक चाल

पस्तीस वर्षं मी बेंजो वाजवला. आजवर हजारभर चाली माझ्या बोटांखालून गेल्या असतील, आणि त्यांतली एकच माझी स्वतःची होती. ‘होती’ हे जपून लिहितो आहे, कारण गेल्या वैशाखापासून ती माझी आहे की नाही हे मला सांगता येत नाही. अंकाच्या संपादकांनी ‘बेंजोच्या दिवसांतल्या गमती लिहा’ म्हणून फोन केला, तेव्हा मी त्यांना म्हटलं, गमती पुष्कळ आहेत, पण सध्या डोक्यात एक घोळ आहे, तो लिहू का? ते म्हणाले, घोळ चालेल. तर हा घोळ.

ज्यांनी आमचा बेंजो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तो एक लाकडी पेटीवजा प्रकार असतो. आत तारा, वर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची आणि उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या पट्टीने तारा छेडायच्या. त्याला कर्णा जोडला की आवाज दोन गावांना ऐकू जातो. बरोबर ढोल, ताशा, टिमकी, खुळखुळा आणि हातगाडीवर जनरेटर. एवढं जमलं की झाली बेंजो पार्टी. आमची पार्टी बोईसरजवळच्या सरावलीची. सगळे कामगार. मी तारापूरच्या एमआयडीसीत कापडाच्या एका कारखान्यात मागावर होतो. पहिली पाळी करून साडेतीनला सुटायचं, आंघोळ करायची आणि लग्नसराईत रोज एका हळदीला जायचं. डहाणूपासून वसईपर्यंत मी इतक्या नवऱ्यामुलांच्या हळदी वाजवल्या आहेत की आता त्यांतल्या काहींच्या मुलांच्याही वाजवून झाल्या.

या धंद्याचं एक गुपित आहे. संपूर्ण नवी चाल वाजवली की लोक ऐकत उभे राहतात, नाचत नाहीत. जुनी वाजवली की म्हणतात, अरे, तेच तेच काय वाजवतो? म्हणजे चाल अशी हवी की नवी आहे पण कुठेतरी ऐकल्यासारखी वाटते. माणूस डोकं खाजवतो, कुठे बरं ऐकली, आणि तोवर त्याचे पाय सुरू झालेले असतात. पाय सुरू झाले की डोक्याला कुणी विचारत नाही.

यासाठी मी एक युक्ती करायचो. बाकीची पार्टी संध्याकाळी यायची, मी जमेल तेव्हा रजा टाकून दुपारीच एकटा जायचो. किनाऱ्याकडच्या गावांत लग्नाला धवलारीण असते. धवले म्हणजे लग्नविधींची गाणी, आणि ती म्हणणारी बाई ती धवलारीण. ती म्हणेल तेव्हा हळद कुटायची, ती म्हणेल तेव्हा लावायची. तिच्याशिवाय लग्नातली काडी हलत नाही. दुपारी बायका हळद कुटायला बसल्या की मी बाजूला बसून धवलारिणीच्या चाली उचलायचो. छोटा टेपरेकॉर्डर पिशवीत असायचा, त्याचं लाल बटण दाबून ठेवायचो. मग संध्याकाळी सिनेमाच्या दोन गाण्यांच्या मध्ये त्याच गावची ती चाल घुसवायची. याला मी फोडणी म्हणायचो. फोडणी पडली की कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्यासुद्धा पदर खोचून उठायच्या. दुसऱ्या पार्ट्यांना कळायचं नाही, या सरावलीवाल्यांच्याच बेंजोवर बायका का उठतात. मला फार मजा वाटायची. उचलणं हा शब्द आम्ही अगदी सहज वापरायचो, त्यात चोरीचा वास कधी आला नाही.

चाल कुणाची, या भानगडीत पडू नये हे मला वामनकाकांनी शिकवलं. वामनकाका केळव्याकडचे, चिकूची वाडी, भजनी मंडळाचे बुवा. मुलाच्या लग्नात त्यांनी मला बजावलं, ‘‘सिनेमाचं एकही गाणं माझ्या दारात वाजलेलं खपायचं नाही. आमच्या मंडळातल्या अभंगांच्या चाली वाजव.’’ मी दोन दिवस त्यांच्या मंडळात बसून चाली बसवल्या. हळदीला पहिलाच अभंग सुरू केला आणि समोरची सगळी पोरं एका सिनेमातल्या नाचाचे हातवारे करत नाचायला लागली. काका लाल झाले. ‘‘मी अभंग सांगितला आणि तू सिनेमा वाजवतोस?’’ मी म्हटलं, काका, तुमच्याच पेटीवरून घेतलाय. चाल सिनेमाचीच होती, त्यांच्या आधीच्या बुवांनी कधीतरी अभंगाला लावली होती आणि काकांना बिचाऱ्यांना पत्ता नव्हता. पुढे एका जाणकाराने सांगितलं की सिनेमावाल्यांनीही ती कुठल्यातरी भजनातूनच घेतली होती. मी ते काकांना सांगितलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, ‘‘म्हणजे माझं बरोबर होतं की तुझं?’’ याचं उत्तर मला आजही देता येत नाही.

आता ठकूबायबद्दल सांगितलं पाहिजे. शिरगावची धवलारीण. उंच, काटक, आवाज फार गोड नव्हे पण धारदार. दिवसा मासळी सुकवायची, लग्नाच्या दिवसांत धवले म्हणायची. माझ्या फोडण्यांतल्या निम्म्या तिच्याकडच्या. कॅसेटचे दिवस होते तेव्हा एकाने आमच्याकडून हळदीगीतांची कॅसेट काढून घेतली. त्यात ठकूबायच्या दोन चाली मी घातल्या. कव्हरवर ‘संगीत’ या शब्दापुढे काय लिहायचं असं विचारल्यावर मी म्हटलं, लिहा ‘पारंपरिक’. तेव्हा सगळे तसंच लिहायचे. मी कॅसेट आणि पेढ्यांचा पुडा घेऊन तिच्याकडे गेलो. तिच्या मुलीने, मंजुळाने, कव्हर वाचून दाखवलं.

ठकूबाय म्हणाली, ‘‘यातली दोन गानी माजी हायत. माज्या डोक्यातून काडलेली. माजा नाव पारंपरिक नाय.’’

मी हसलो. म्हटलं, बाय, गाणी सगळ्यांचीच असतात. कॅसेट तिने फडताळात ठेवली. तिच्याकडे ती लावायला यंत्र नव्हतं, हे माझ्या परत येताना लक्षात आलं आणि मी विसरूनही गेलो.

मग डीजे आले. बेंजो पार्ट्या एकेक करून बसल्या. माझे गुडघे गेले, कारखान्यातून निवृत्त झालो, बेंजो कपाटावर गेला. आणि तीन वर्षांपूर्वी एका सकाळी गच्चीवरची पाण्याची टाकी धूत असताना माझ्या तोंडून एक चाल आली. टाकीच्या आत आवाज घुमतो, त्यामुळे ती मलाच फार थोर वाटली. ओल्या हाताने खाली आलो, बेंजो काढला आणि वाजवून पाहिली. आमच्या सौ. सुमन यांना विचारलं, कुठे ऐकल्यासारखी वाटते का?

ती म्हणाली, ‘‘मला तुमच्या सगळ्याच ऐकल्यासारख्या वाटतात.’’

शेजारचा भरत एका रसायनाच्या कारखान्यात ऑपरेटर आहे आणि गाणी लिहितो. त्याने शब्द बांधले. ‘आंब्याच्या पानानं दार सजलं’ अशी सुरुवात. हळदीचं गाणं. पहिली ओळ वर चढते, दुसरी उतरते, आणि उतरताना मध्येच चाल थांबते. एक श्वासभर काहीच नाही. मग ती खाली येते. भरत म्हणाला, ‘‘काका, इथं थांबायचं कशाला? लोकांना वाटेल गाणं बंद पडलं.’’ मी हट्टाला पेटलो. म्हटलं, थांबायचंच. का, ते मला सांगता येत नव्हतं, पण ती जागा माझी फार लाडकी होती.

बोईसरला एका दुकानावरच्या खोलीत स्टुडिओ आहे, तिथे आम्ही ते ध्वनिमुद्रित केलं आणि फोनवर टाकलं. त्या जागेनेच गाणं चाललं. डीजेवाले तिथे सगळा आवाज बंद करतात, अख्खा मांडव हात वर करून थिजतो, आणि मग ढोल कोसळतो. दोन हंगामांत असं एक लग्न राहिलं नाही जिथे ‘आंब्याचं पान’ वाजलं नाही. गाण्याखाली लिहिलेलं असायचं, संगीत : काशिनाथ. पस्तीस वर्षं कर्ण्यामागे उभा राहिलेला माणूस मी. माझं नाव कुठे छापून यायची ती पहिलीच वेळ. मी ते नाव फोनवर मोठं करून करून पाहिलं आहे, लाजण्यात काय अर्थ.

गेल्या वैशाखात मुंबईच्या एका कंपनीतून एक मुलगी आली. वागायला फार चांगली. त्यांना ते गाणं मोठ्या गायिकेकडून गाऊन घ्यायचं होतं. तिने एक कागद दिला. त्यात मला लिहून द्यायचं होतं की ही चाल माझी स्वतःची, मूळ रचना आहे आणि दुसऱ्या कुणाचीही नाही. खाली सही. म्हणाली, ‘‘वाचून घ्या काका, पंधरा दिवसांनी येते.’’

तिने लगेच सही घेतली असती तर बरं झालं असतं. पंधरा दिवस तो कागद टीव्हीजवळ राहिला आणि मला उगाचच लोकांना विचारायची खाज सुटली.

वामनकाकांना ऐकवली. आता नव्वदीला आले आहेत. डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, ‘‘आमच्या मंडळातली आहे. काकड्याला म्हणायचो.’’ म्हणून दाखवली. पहिल्या चार सुरांपर्यंत माझीच चाल, पुढे भलतीकडेच गेली.

सालवडला हरेराम राहतो. त्याचे वडील माझ्याबरोबर मागावर होते, आता तो आहे. तो म्हणाला, ‘‘काकाजी, ये तो हमारे यहाँ की है. बेटी की विदाई में औरतें गाती हैं.’’ मी म्हटलं, कसं शक्य आहे? त्याने तिथल्या तिथे गावी फोन लावला आणि आईला गायला सांगितलं. बिहारमधली ती म्हातारी बाई आधी लाजली, मग गायली. पहिली ओळ मला थेट माझीच वाटली. दुसरी ओळ वेगळी. मी ते घरी सुमनला म्हणून दाखवलं, तर ती म्हणाली, काहीच सारखं नाही. मग पुन्हा म्हटलं, तर म्हणाली, आता थोडं वाटतंय. स्टुडिओतल्या माणसाने तिन्ही चाली संगणकावर एकाखाली एक लावल्या आणि म्हणाला, काका, हे सगळे पाच सुरांतच फिरतायत, पाच सुरांत फिरलं की कुणीतरी कुणालातरी धडकणारच. त्याने मला धीर आला. सही करायची असं ठरवून मी पेनसुद्धा कागदावर आणून ठेवलं.

त्याच आठवड्यात शिरगावला एका मुलीच्या हळदीचं आमंत्रण आलं. पाहुणा म्हणून, वाजवायला नव्हे. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. सूर्य अजून मावळला नव्हता. मांडवात नवरी पाटावर बसलेली, शेजारी ठकूबाय, हातात हळदीची वाटी. ऐंशीच्या वर गेली असेल, पण पाठ ताठ. पहिली हळद धवला म्हणून तीच लावणार होती. तेवढ्यात यजमानांनी माइकवर सांगितलं की आज आपल्यात ‘आंब्याचं पान’चे संगीतकार आले आहेत, आणि डीजेला खूण केली.

गाणं सुरू झालं. पोरंपोरी उठली. पहिली ओळ झाली, दुसरी उतरू लागली, ती जागा आली, सगळे हात वर गेले. आणि ठकूबायने हळदीच्या वाटीवर पदर झाकला.

बायकांच्या घोळक्यात ते आधी कळलं. नवरीची आई घाबरून ठकूबायजवळ गेली. धवलारिणीने वाटी झाकली म्हणजे हळद लागणार नाही. कुणीतरी धावत जाऊन डीजे बंद करवला.

ठकूबाय नवरीच्या आईला म्हणाली, ‘‘पोरीला हळद नाय लागली अजून, आन तुमी तिला उंबऱ्यावर न्यून उबी करता?’’

कुणाला काही समजेना. मी पुढे होऊन म्हटलं, ‘‘बाय, हे हळदीचं गाणं आहे. मी केलंय.’’

‘‘हलदीचा नाय. पाठवनीचा हाय. माजा हाय. मंजुळेला लावून दिली तवा म्हटला व्हता. त्याच्या मागारी कुनाला म्हटला नाय.’’

मंजुळा लग्नानंतर तीन वर्षांत गेली होती, पहिल्या बाळंतपणात. हे मला माहीत होतं. गावात सगळ्यांनाच माहीत होतं. खरं सांगतो, त्या क्षणी मला तिचा राग आला. माझं सगळं आयुष्य दुसऱ्यांचं वाजवण्यात गेलं, एक चाल माझी आहे तर ती पण हिची कशी? मी म्हटलं, बाय, तू तीस वर्षं ती कुणाला म्हटली नाहीस, मग ती माझ्याकडे कुठून येणार?

ती म्हणाली, ‘‘बेंजोवाल्या, मागं माजी दोन नेलीस तवा पारंपरिक लिवलास. आता तुजा नाव लिवलास. त्याच्यापरीस पारंपरिक बरा व्हता.’’

एवढं बोलून तिने वाटीवरचा पदर काढला आणि धवला सुरू केला. हळद लागली, लग्न व्यवस्थित झालं. मी मात्र जेवायला थांबलो नाही.

घरी आल्यावर मी मंजुळाचं लग्न आठवू लागलो. हळद आम्हीच वाजवली होती आणि वरातही. पाठवणीच्या वेळी मी तिथेच असणार. पण मला आठवतो तो जनरेटर. त्याचं चाक निखळलं होतं आणि आम्ही चौघे तो वाळूतून ओढत होतो. मागे कुणी गात होतं का? गात असणारच. पण माझ्या कानात नुसतं चाक करकरतंय. ज्याच्या जोरावर मी पोट भरलं तो माझा कान ऐन वेळी कुठे होता?

सुमन म्हणाली, ‘‘तुमच्या त्या टेपा बघा की.’’ माळ्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात माझ्या दुपारच्या कॅसेटी होत्या. फार नाहीत. एक कॅसेट मी चार-चार वेळा वापरायचो. एका हंगामाच्या चाली उचलून झाल्या की त्याच्यावरच पुढच्या हंगामाची नवी सिनेमाची गाणी रेडिओवरून घ्यायची, बसवण्यासाठी. सगळेच बेंजोवाले असं करायचे. एका कॅसेटवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं सापडलं, ‘शिरगाव, मंजुळा, हळद’. टेपरेकॉर्डर बंद पडलेला. बोईसरच्या बाजारात मिक्सर दुरुस्त करणाऱ्याने त्यात नवा पट्टा घालून दिला.

आम्ही दोघं समोर बसलो आणि बटण दाबलं. आधी सिनेमाचं एक गाणं. संपूर्ण. मग निवेदकाचा अर्धा शब्द, खट असा आवाज, आणि मध्येच कुठूनतरी ती दुपार सुरू झाली.

उखळात मुसळ पडत होतं. माझी चाल वाजत होती. ठकूबाय गात होती आणि माझा बेंजो कर्णा न लावता तिच्याबरोबर हळू वाजत होता. दोघंही एकदमच. कोण पुढे आणि कोण मागे हे कळायला सुरुवात ऐकायला हवी होती, आणि सुरुवातीवर मी सिनेमाचं गाणं भरून ठेवलं होतं. तेवढी चार मिनिटं राहिली असती तर मी आज सुखाने झोपलो असतो.

मग बेंजो चुकला. एक मुलगी खळखळून हसली. ‘‘आये, काका चुकले गं.’’

ठकूबायचा आवाज आला, ‘‘तसा नाय रं. उतरताना थांब. पोर उंबऱ्यावर थांबते, मागं बगते, मंग उतरते. तवर हात उचलून धर.’’

‘‘उचलला,’’ मी म्हणालो. तीस वर्षांपूर्वीचा मी. सुमन म्हणाली, तुमचा आवाज किती बारीक होता.

बेंजो पुन्हा वाजला. वर चढला, उतरू लागला आणि थांबला. टेपवर एक श्वासभर नुसतं मुसळ ऐकू आलं. मग चाल खाली आली.

‘‘आता बरोबर. पन ही आज वाजवू नको हां. ही उद्याची हाय.’’

‘‘नाही वाजवत, बाय.’’

‘‘हलदीला वाजवू नको.’’

‘‘नाही म्हटलं ना. कधीच नाही वाजवणार.’’

पुढे सगळ्या बायका बोलू लागल्या आणि टेप संपली. सुमन उठून स्वयंपाकघरात गेली. मला लाज वाटली, हे सरळच लिहितो. जी जागा मी सगळ्यांना अभिमानाने माझी म्हणून सांगत होतो, जिच्यासाठी भरतशी भांडलो, ती उंबऱ्यावर थांबलेली मंजुळा होती. आणि तिथे मी डहाणू ते वसई सगळ्यांना हात वर करायला लावले होते.

कंपनीच्या मुलीला मी फोन केला. म्हटलं, दोन नावं घालावी लागतील आणि दुसऱ्या नावाच्या बाईला विचारावं लागेल. ती गोंधळली. मग म्हणाली, ‘‘काका, एवढं कशाला? आपण पारंपरिक लिहू या का? ते सगळ्यात सोपं.’’ मी म्हटलं, ते एकदा लिहून झालंय. तिने वर विचारून सांगते म्हटलं, अजून सांगितलेलं नाही. भरत माझ्याशी महिनाभर बोलला नाही. त्याचे शब्द मोठ्या गायिकेच्या तोंडी जायची संधी माझ्यामुळे हुकली. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कागद अजून टीव्हीजवळ आहे, बिनसहीचा.

टेपरेकॉर्डर पिशवीत घालून मी शिरगावला गेलो. ठकूबाय ओट्यावर सुके बोंबील निवडत बसली होती. मी म्हटलं, ‘‘बाय, तुझं खरं होतं. मी शब्द दिला होता आणि विसरलो.’’ आणि टेप लावली.

सिनेमाचं गाणं संपेपर्यंत तिने बोंबील निवडणं थांबवलं नाही. मग उखळाचा आवाज आला आणि तिचा हात थांबला. आपलाच आवाज ती परक्याचा ऐकावा तसा ऐकत होती. ती मुलगी हसली, ‘‘आये, काका चुकले गं’’, आणि ठकूबायने हाताने खूण केली. बंद कर.

मी बंद केलं. मला वाटलं, आता ही मला हाकलणार.

‘‘मागं ने,’’ ती म्हणाली. ‘‘हसली तितवर ने.’’

मी टेप मागे नेली. मंजुळा पुन्हा हसली. तिने पुन्हा मागे न्यायला सांगितलं. असं पाच-सहा वेळा झालं. चालीचं तिला काही नव्हतं. मी पिशवीतून आणलेला दुसरा कागद काढला, ज्यावर मी तिचं नाव लिहून आणलं होतं, आणि तिला सांगू लागलो की बाय, चाल तुझी, मी तसं लिहून देतो.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘उतरायची ओळ माजी हाय. चडायची माजी नाय.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘चडायची तूच वाजवत व्हतास. येऊन बसलास तवा तुज्या बोटांत व्हती. मी तिला पुडली जोडली. मला वाटला, तुमच्या कारखान्यात कोन गात असल.’’

मागांच्या खडखडाटात शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नसे. तिथे हरेरामचे वडील काय गुणगुणत होते, आणि मी काय उचललं, आणि उचललं की माझं मलाच सुचलं, हे कोण सांगणार? मी तिला बिहारमधल्या म्हातारीची गोष्ट सांगितली. ती पहिल्यांदाच थोडी हसली. म्हणाली, ‘‘मंग तिचा नाव लिव.’’

मला तिचं नाव माहीत नव्हतं. पोराच्या फोनवर गायलेली एक बाई, एवढंच.

‘‘हलदीला वाजते ती थांबवायची कशी, बाय?’’ मी विचारलं.

‘‘आता थांबत नाय ती. फोनामदी गेली. मी आयकते आन गप बसते. वाटी झाकून झाकून किती झाकनार?’’ हे ती रागाने बोलली नाही. मला ते रागावण्यापेक्षा जड गेलं.

मी तिला बटणं दाखवली. हे सुरू, हे बंद, हे मागे न्यायचं. तिने बोंबलाचा हात पदराला पुसून प्रत्येक बटण दाबून पाहिलं. टेपरेकॉर्डर मी तिथेच ठेवला. मागच्या वेळी नुसती कॅसेट देऊन गेलो होतो.

‘‘येतो, बाय,’’ म्हणून मी उठलो. ओट्याच्या पायऱ्या उतरू लागलो तर मागे बटणाचा खटका ऐकू आला. तिने या वेळी फार मागे नेली नव्हती. मंजुळा हसली, ठकूबाय तिच्या त्या वेळच्या आवाजात मला रागावली, मी ‘उचलला’ म्हणालो. मग बेंजो वर चढला, उतरू लागला आणि त्या जागी थांबला. चाल खाली येईपर्यंत मी एक पाय पायरीवर आणि एक हवेत धरून तसाच उभा राहिलो.